पार्लरचे प्रात्यक्षिक आणि परीक्षेची अब्रू

माळशिरस तालुक्यातील एखादी मुलगी सौंदर्योपचाराच्या प्रात्यक्षिक परीक्षेला निघते, तेव्हा तिच्या पिशवीत पुस्तके नसतात. दोऱ्याचे रीळ, दोन कात्र्या, कंगवे, धुऊन वाळवलेले टॉवेल, कापूस, एप्रन, क्रीमच्या डब्या आणि मेणाचा डबा एवढे सामान असते. शिवाय तिच्याबरोबर एक जिवंत माणूस असते. बहुधा ती तिची वहिनी असते, नाहीतर मावसबहीण किंवा शेजारीण. परीक्षा व्हायची असते ती या बाईच्या भुवयांवर, हातावर आणि केसांवर. इतर कोणत्याही परीक्षार्थ्याला आपली उत्तरपत्रिका अशी एस.टी.त बसवून, तिचे तिकीट काढून आणि दुपारच्या जेवणाची सोय करून न्यावी लागत नाही.

या परीक्षेचे नाव काढले की सुशिक्षितांच्या चेहऱ्यावर एक बारीक हसू उमटते. भुवया कोरण्याची कसली आली आहे परीक्षा, असा त्याचा अर्थ असतो. शिक्षकांच्या खोलीत, कचेरीत आणि लग्नाच्या मांडवात हे हसू प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिले आहे. आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर एके काळी तो स्वतःही त्यात सामील होता. टंकलेखनाच्या परीक्षेला आपण कधी हसलो नाही. मिनिटाला तीस की चाळीस शब्द यावर कित्येकांच्या नोकऱ्या ठरल्या, म्हणून पुण्याच्या परीक्षा परिषदेचे ते प्रमाणपत्र घरोघर जपून ठेवले गेले. वस्तुतः टंकलेखकाची चूक कागदावर होते व खोडता येते. दुसऱ्याच्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर ज्याचा हात चालतो, त्याच्या चुकीला खोडरबर नाही.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. आपल्या देशात ब्यूटी पार्लर चालविणाऱ्या व्यक्तीला धंद्याचा वैयक्तिक परवाना घ्यावा लागत नाही. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेता यांची नोंदणी असते, पार्लरवालीची नसते. दुकानाची म्हणून जी काय नोंद होते ती जागेची व नोकरांची. तीही महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगारांची संख्या थोडी असेल तर केवळ सूचना देण्यापुरती उरली आहे. तालुक्याच्या गावातील बहुतेक पार्लरे एका खोलीची, एका बाईची. म्हणजे उद्या एखाद्या व्यक्तीने चार व्हिडिओ पाहून, आरसा व खुर्ची आणून, दारावर पाटी लावली, तर तिला अडविणारा कोणी नाही. या धंद्यात शिरणाऱ्या माणसाचा हात कोणी तिऱ्हाईत मनुष्य तपासून पाहतो असा एकच प्रसंग शिल्लक आहे, तो म्हणजे प्रशिक्षणाच्या अखेरची प्रात्यक्षिक परीक्षा. तीही जे शिकायला जातात त्यांनाच लागू. हे एकुलते एक दार जर नावापुरतेच लावलेले असेल, तर मग काहीच नाही.

काहीच नसते तेव्हा काय होते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. २०२३ च्या आरंभी अकोल्याची एक हकीकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडला होता. तिघींत समान काय, याचा शोध घेता घेता मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टर त्वचा उजळविण्याच्या एका क्रीमपर्यंत पोचले. ते क्रीम गावातल्याच ब्यूटिशियनकडून आले होते आणि तपासणीत त्यात पारा आढळला. पारा कातडीतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीवर आघात करतो, हे वैद्यकाला जुनेच ठाऊक आहे. आपल्या २०२० च्या प्रसाधन नियमांनीही सामान्य प्रसाधनात अनवधानाने राहून गेलेला पारा दशलक्षात एक भागापेक्षा अधिक चालणार नाही, असे बजावले आहे. परंतु नियम डबी बनविणाऱ्याला लागू होतो. डबी उघडून बोटाने ते चेहऱ्याला चोळणाऱ्या व्यक्तीने डबीवरचे काय वाचावे आणि काहीच छापलेले नसेल तर काय करावे, हे तिला कोणी शिकविले होते काय, आणि शिकविले असल्यास त्याची परीक्षा घेतली होती काय, हा खरा प्रश्न होय.

शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये हा विषय आहे, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेत जोडारी, वीजतंत्री, सांधाता यांच्या पंक्तीला आता कॉस्मेटॉलॉजी हाही एक वर्षाचा व्यवसाय आहे. त्याची लेखी परीक्षा हल्ली संगणकावर होते. उत्तीर्ण होण्याची अट मोठी बोलकी आहे. लेखीला ३३ टक्के पुरतात, प्रात्यक्षिकाला किमान ६० टक्के लागतात. आपल्या सबंध शिक्षणव्यवस्थेत हाताला लेखणीपेक्षा जवळजवळ दुप्पट मान देणारी अशी जागा दुसरी क्वचितच सापडेल. ज्यांनी हा नियम केला त्यांना धंदा कळत होता. पुढचा प्रश्न, तो पाळणाऱ्यांना परीक्षा कळते की नाही, एवढाच.

तयारी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सहसा कळत नाही. बाहेरच्याला दिसते ती कमानदार भुवई. शिकणारीला त्याआधीच्या दहा गोष्टी घोकाव्या लागतात. हात धुणे, अवजारे आधी साबणाने धुऊन मगच जंतुनाशकात बुडविणे, कारण मळ असलेल्या पत्र्यावर जंतुनाशक नीट काम करीत नाही, समोरच्या बाईच्या मानेभोवती टॉवेल लावणे, तिला दोन प्रश्न विचारणे, तिची कातडी उजेडात पाहणे. मग दोरा. दोऱ्याचे एक टोक दातात धरण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. चांगली शिक्षिका ती मोडते व दोरा गळ्यात अडकवावयास लावते. तोंडातला दोरा दुसऱ्याच्या नुकत्याच उघड्या पडलेल्या रोमरंध्रांवर फिरावा, यात शहाणपण नाही. भुवया कोरल्यानंतर त्याच जागी चामखिळी उठल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांतून आलेल्या आहेत. मेणाचेही तसेच. साखर, लिंबू व पाणी यांचा पाक हे मेणाचे सर्वांत साधे रूप. साखर कारखान्यांच्या या मुलखात त्या पाकाची तार कोणाला शिकवावी लागू नये. तरी तो किती गरम आहे हे आधी स्वतःच्या मनगटावर पाहावयाचे, केसांच्या दिशेने लावावयाचा आणि उलट दिशेने, कातडी ताणून धरून, पट्टी ओढावयाची. एकदा अंगाला लागलेली लाकडी पट्टी पुन्हा डब्यात बुडवावयाची नाही. ही शेवटची गोष्ट ऐकावयास क्षुल्लक वाटते. पण धंद्यात शिरल्यावर सर्वांत आधी तीच सुटते, कारण प्रत्येक वेळी नवी पट्टी म्हणजे खर्च.

आणि पाणी. माळशिरस तालुक्याच्या ज्या भागाला नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी आहे, तिथल्या लोकांना हे कळणार नाही कदाचित. पण कालव्यापलीकडच्या गावांतून येणाऱ्या मुलीला टँकरच्या दिवसांत पाण्याचा हिशेब करावा लागतो. स्वच्छतेचे सगळे धडे नळ चालू आहे असे गृहीत धरून लिहिलेले असतात. एका गिऱ्हाइकामागे दोन वेळा हात, एकदा अवजारे, एकदा भांडे आणि मग टॉवेल, हे पाणी येणार कोठून? परीक्षेच्या दिवशी बादलीभर पाणी संस्था देते. धंद्याच्या दिवशी कोण देणार? याचा विचार अभ्यासक्रमात कोणी केल्याचे दिसत नाही. कमी पाण्यात स्वच्छता कशी राखावी, उकळण्यावर भर कधी द्यावा, एकदा वापरून टाकण्याच्या वस्तू कोणत्या, हे सोलापूर जिल्ह्यातील मुलीला मुंबईच्या मुलीपेक्षा अधिक शिकवले पाहिजे.

परंतु या सर्वांपेक्षा अवघड धडा निराळाच आहे. तो नकार देण्याचा.

केसांच्या काळ्या रंगात पीपीडी नावाचे एक रसायन बहुधा असते. काहींच्या अंगाला ते सोसत नाही. डोके सुजते, डोळे मिटतात. म्हणून कानामागे थोडासा रंग लावून ४८ तास वाट पाहावयाची असते. त्यालाच पॅच टेस्ट म्हणतात. पटकन रंगणाऱ्या तथाकथित काळ्या मेंदीच्या कोनातही हेच रसायन घातलेले आढळते आणि लग्नसराईत हातावर फोड येतात ते त्यामुळे. आता गिऱ्हाईक सांगते, उद्या साखरपुडा आहे, आजच रंग लावून दे. अशा वेळी ‘नाही’ म्हणणे ही विद्या आहे. मधुमेही बाईच्या पायाला चीर दिसली तर पेडिक्युअर न करता तिला डॉक्टरकडे पाठविणे ही विद्या आहे. मुरमांसाठी तीव्र गोळ्या चालू असलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर मेण लावले तर कातडीच सोलून निघते. गोळ्या चालू आहेत का, हे विचारणे आणि ‘हो’ म्हटल्यावर काम सोडून देणे ही विद्या आहे. कामाला सोडणे म्हणजे शंभर-दोनशे रुपये सोडणे, शिवाय गिऱ्हाईक रागावून समोरच्या गल्लीत जाणार ते वेगळेच. म्हणून हा धडा पुस्तकात वाचून अंगी बाणत नाही. परीक्षेत त्याला गुण असावे लागतात.

या नकाराला आपल्याकडे मोठी परंपरा आहे, हे सांगावयास हवे. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. समाजसुधारणेच्या इतिहासात या घटनेला चार ओळी मिळतात. धंद्याच्या इतिहासात तिची नोंद निराळ्या अर्थाने झाली पाहिजे. आपल्या हातातील वस्तरा कशासाठी चालावा आणि कशासाठी चालू नये, हे ठरविण्याचा अधिकार कारागिराने स्वतःकडे घेतला, असा तो अर्थ. त्यात त्यांचे उत्पन्न बुडत होते, हेही विसरता कामा नये. संत सेना महाराजांचे नाव घेणारा हा समाज आजही आषाढीच्या वाटेवर वारकऱ्यांची दाढी फुकट करून देतो. ज्ञानोबांची पालखी माळशिरसला मुक्कामी असते तेव्हा हे दृश्य ज्याने पाहिले, तो या धंद्याला हलका म्हणणार नाही.

आता परीक्षा प्रत्यक्षात कशी होते ते पाहू. येथे शिक्षकवर्गाला काही नवे सांगण्याची गरज नाही. बारावीच्या प्रात्यक्षिकाचे तीस गुण कसे पडतात, जर्नले कोण कोणाची उतरवितो, बाहेरच्या परीक्षकाची सरबराई कशी होते आणि ‘मुलांचे वर्ष जायला नको’ या वाक्याने किती पापे झाकली जातात, हे आपण सर्व जाणतो. सौंदर्योपचाराच्या परीक्षेत त्यावर आणखी एक थर चढतो. मॉडेल परीक्षार्थीनेच आणलेले असते. ते नात्यातले असते, त्यामुळे मेणाचा चटका बसला तरी ते तोंडातून ‘स्स’ काढत नाही. त्याची कातडी परीक्षार्थीला महिनोन्महिने ठाऊक असते. त्याला प्रश्न विचारण्याची जरूरच नसते आणि मग प्रश्न विचारण्याचा नुसता अभिनय होतो. वहिनीला ‘आपल्याला काही त्रास आहे का’ असे अहो-जाहो करून विचारताना मुलगी हसते, वहिनीही हसते. परीक्षक सज्जन असेल तर तोही हसतो व गुण देतो. शेवटी चेहरा कसा दिसतो, अंबाडा नीट बसला का, नऊवारीचा काष्टा सरळ आला का, यावर आकडा पडतो. डोळ्याला दिसते त्याला गुण आणि दिसत नाही त्याला नाहीत, असा हा व्यवहार होऊन बसतो.

यात मुलीचा दोष नाही. ती बिचारी सामानाच्या खर्चानेच वाकलेली असते. सराव करावयाचा तर क्रीम लागते, मेण लागते, बसायला माणसे लागतात. गावात मुली सरावाला चेहरा देत नाहीत. भुवई वाकडी झाली तर पंधरा दिवस तोंड लपवावे लागेल, हे भय असते. घरातून कोणी म्हणते, शिलाई तरी शिकली असतीस. जिच्यापुढे घर चालविण्याचा प्रश्न आहे, तिला ही परीक्षा म्हणजे खुर्ची, आरसा आणि स्वतःच्या हातचे दोन पैसे यांच्यापर्यंत पोचण्याची वाट वाटते, आणि ती तशी आहेही. म्हणूनच ती वाट पोकळ असता कामा नये. आम्ही परीक्षा सोपी करून तिच्यावर उपकार करतो, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की पहिला रंग बिघडला, पहिले गिऱ्हाईक सुजून आले, तर लहान गावात त्या मुलीचा धंदा त्याच दिवशी संपतो. तेथे प्रमाणपत्र उपयोगी पडत नाही.

मग परवानाच सक्तीचा करा, असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही. अमेरिकेत हा प्रयोग जुना आहे. मिनेसोटा राज्याने १८९७ मध्येच नाभिकांना परवाना लावला आणि पुढे बहुतेक राज्यांनी केशकर्तन व सौंदर्योपचार यांसाठी शेकडो तासांचे सक्तीचे शिक्षण ठरवून दिले. टेक्सासात तर आपल्या दोऱ्याने भुवया कोरणाऱ्यांवरही ७५० तासांचा अभ्यासक्रम लादला गेला, ज्यातला मोठा भाग दोऱ्याशी संबंध नसलेला होता. काही व्यावसायिक न्यायालयात गेले आणि २०१५ साली ‘पटेल’ खटल्यात त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. कॅलिफोर्नियाने दुसरे टोक गाठले. २०२२ पासून त्या राज्याने परवान्यासाठीची प्रात्यक्षिक परीक्षाच काढून टाकली, लेखी पुरे. एकीकडे निरर्थक तास आणि दुसरीकडे हात न पाहता परवाना, ही दोन्ही टोके आपण आयात करण्याचे कारण नाही.

परवान्याचा आणखी एक धोका आपल्या घरचाच आहे. दार राखणारे कोण, हा तो प्रश्न. मुंबईच्या चित्रपटधंद्यात मेकअप करणाऱ्यांच्या संघटनेने कित्येक दशके स्त्रियांना मेकअप कलाकार म्हणून कार्डच दिले नाही. त्यांनी फक्त केशरचना करावी, असा दंडक होता. चारू खुराना यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा दंडक घटनाबाह्य ठरविला. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य हवे, ही संघटनेची अटही गेली. ज्या धंद्यात स्त्रियांना पाऊल ठेवावयास २०१४ साल उजाडावे लागले, तेथे परवान्याच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला लागतील याची धास्ती वाटणे साहजिक आहे. शिवाय बापाच्या हाताखाली वस्तरा धरावयास शिकलेल्या मुलाने दहावीचे गुणपत्रक नाही म्हणून दुकान बंद करावे, असे कोणीच म्हणणार नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत नाभिकांचा समावेश आहे. पाच-सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य. ते योग्यच आहे. त्या पाच-सात दिवसांत वस्तऱ्याची पाती बदलण्यावर व उकळण्यावर किती तास जातात, एवढे मात्र पाहिले पाहिजे.

तेव्हा परवाना नको, पण जी परीक्षा आहे ती खरी हवी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे मंडळ लागत नाही. मॉडेल परीक्षार्थीने आणू नये; संस्थेने बोलवावे आणि चिठ्ठी टाकून वाटावे. माळशिरससारख्या गावी अंगणवाडीच्या, बचत गटाच्या बाया अशा कामाला आनंदाने येतील, त्यांचे जाण्यायेण्याचे भाडे व दिवसाचा रोज मात्र दिला पाहिजे. सामानाचा खर्च संस्थेने सोसावा, म्हणजे भारी क्रीम आणणारीला गुण आणि साधे आणणारीला नाही, हा अन्याय उरणार नाही. दहा डब्या मांडाव्यात, त्यांतल्या दोनांवर उत्पादकाचे नाव, घटक व मुदत नसावी, आणि परीक्षार्थी त्या बाजूला ठेवते का, ते पाहावे. आणि चार मॉडेलांत एक असे असावे की ज्याच्यावर मागितलेला उपचार करणे अयोग्य आहे. जी मुलगी त्याला नम्रपणे ‘आज नको, ताई’ म्हणून परत पाठवील, तिला पूर्ण गुण. जी सुरेख हाताने तो उपचार पार पाडील, तिला शून्य. परीक्षकाने हे शून्य देताना हात आखडता घेऊ नये.

शेवटची एक बारीकशी गोष्ट वेळापत्रकाची. पॅच टेस्टला ४८ तास लागतात आणि प्रात्यक्षिक एका दिवसात उरकते. म्हणजे आजवर परीक्षेच्या खोलीत केसांना रंग लागला असेल तो एक तर चाचणीशिवाय, नाहीतर चाचणी केल्याच्या तोंडी भरवशावर. पुढच्या परीक्षेचा कार्यक्रम फळ्यावर लावताना संस्थांनी मॉडेलांना दोन दिवस आधी बोलवावे, चाचणी परीक्षकासमोर करून घ्यावी आणि तिची वेळ वहीत नोंदवावी.